हौद्यातला उजेड

पिकअपच्या हौद्यात दिवे लावायचे हे मी मंगळवारी सकाळी दात घासताना ठरवलं, आणि दहाच्या आत माझ्या हातात एलईडी पट्टीचं पाच मीटरचं रीळ होतं. स्पेअर पार्टवाल्याने ते काउंटरवर ठेवत विचारलं, "भाऊ, मागे डिस्को काढताय की काय?"

"झाडांसाठी आहे," मी म्हणालो.

"मग गाणी पण लावा. जोमाने वाढतील."

मी हसलो. आठ महिन्यांत मी कुठल्या दुकानात उभा राहून हसलो नव्हतो. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि न मागताच पट्टी पुसायला स्पिरिटची छोटी बाटली पिशवीत टाकली.

आधी आमचं काम सांगतो. ऑफिसांत जिन्याजवळ, लिफ्टच्या बाजूला, काचेच्या केबिनबाहेर ज्या मोठ्या कुंड्या दिसतात, त्या बहुतेक भाड्याच्या असतात. बंद हवेत झाड आठवड्याभरात मलूल होतं. म्हणून दर शनिवारी नर्सरीतून ताज्या कुंड्या न्यायच्या आणि दमलेल्या परत आणायच्या, तेही साहेबलोक यायच्या आत. सव्वीस वर्षं हे काम मी आणि माझी बायको करत होतो. गाडी मी चालवायचो. गाडी थांबली की ती मागे हौद्यात चढायची आणि एकेक कुंडी फाळक्यापर्यंत सरकवून द्यायची. मी खाली उभा राहून उतरवून घ्यायचो.

वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून हौद्यावर फायबरचा टप बसवलेला आहे. मागे वर उचलायचं दार, त्याखाली लोखंडी फाळका. आत माणूस मान वाकवून बसू शकतो. पण उजेड नाही. भरदुपारीही आत काळोख, आणि ऑफिसांच्या तळघरात तर विचारूच नका. ती बॅटरी दातात धरून काम करायची. "अहो, इथे एक दिवा लावा ना," हे ती मला कितीदा म्हणाली असेल. तोंडात बॅटरी असल्यामुळे ते "इहे एक इवा आवा आ" असं ऐकू यायचं, आणि मी हसायचो. हसण्यावारी राहून गेलं.

मग तिला ताप आला. आठवडाभर दवाखाना. परत येताना मी एकटा होतो.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी होती. सोमवारी नर्सरीवाल्या बाईंचा फोन आला. "भाऊ, ती मोठी इमारत परत घ्याल का? शनिवारपासून. नवा माणूस झाडं कानाला धरून ओढल्यासारखी ओढतो हो, बघवत नाही."

"घेतो," मी लगेच म्हणालो.

"पण दोन माणसं हवीत. सामानाच्या लिफ्टचं दार आपोआप मिटतं, तुम्हाला माहीत आहे. एकाने धरायचं, दुसऱ्याने भरायचं. एकट्याला नाही देता येणार."

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती दुसऱ्या गावात असते आणि आठ महिने तिचा एकच धोशा होता, की आमच्याकडे राहायला या. ती म्हणाली, "बाबा, चौदा ऑफिसं! कोण येणार तुमच्याबरोबर?"

"मिळेल कोणीतरी."

"मिळेल म्हणजे? झाडावर लागतं का माणूस?" मग तिने तोडगा काढला. "बरं, ऐका. शुक्रवारी मी येते. दुसरं माणूस मिळालं तर गाडी तुमची, काम तुमचं, मी एक शब्द बोलणार नाही. नाही मिळालं तर गाडी ह्यांचा भाऊ घेऊन जाईल आणि तुम्ही बॅग भरायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते. माणूस शोधायचा होता, आणि त्याला अंधारात काम करायला लावायचं नव्हतं. एवढाच हिशेब डोक्यात होता. पण खरं सांगतो, रात्री झोप लागली नाही ती काळजीने नाही. परत काम करायचं म्हणून हात शिवशिवत होते.

शेडचं शटर खाली ओढून मी कामाला लागलो, कारण आत काळोख असल्याशिवाय दिव्याचा अंदाज येत नाही. हौद्याचा पत्रा घासला, स्पिरिटने पुसला. आठ महिन्यांची माती कोपऱ्यात दगडासारखी घट्ट झाली होती. मग टेप काढली.

आमच्या टेपेची एक गोष्ट आहे. तिची पुढची पत्र्याची जीभ कधीच तुटलेली आहे आणि पहिले चार-पाच आकडे पुसून गेलेत. नवी घ्यायचं कधी सुचलं नाही, कारण आमची पद्धत बसली होती. बायको तिकडच्या टोकाला दहाचा आकडा कडेवर धरायची आणि ओरडायची, "दहावर धरलंय!" मी इकडचा आकडा मोठ्याने वाचायचो. ती तो परत म्हणायची आणि दहा वजा करून सांगायची. तिने म्हटल्याशिवाय मी करवत उचलायचो नाही. घरातली फळी असो की खिडकीचा पडदा, सगळं असंच मापलं.

आता तिकडे कोणी नव्हतं. मी टेपेचं टोक केबिनकडच्या कोपऱ्यात घुसवलं, त्यावर वीट ठेवली आणि फाळक्यापाशी येऊन वाचलं. "दोनशे पन्नास!"

ओरडलो सवयीने. दहा वजा केले तेही सवयीने. पट्टीवर कापायच्या खुणा असतात, त्यातल्या दोनशे चाळीसच्या खुणेवर कात्री चालवली. दुसऱ्या बाजूसाठी तेवढीच दुसरी. मग चहा प्यायला स्टुलावर बसलो आणि पहिल्या घोटालाच लक्षात आलं, की टोक तर कोपऱ्यात होतं. दहावर धरायला होतं कोण? हौदा दोनशे पन्नासचा, पट्ट्या दोनशे चाळीसच्या. रिळात वीतभर तुकडा उरलेला. स्वतःला दोन शिव्या घातल्या.

तरी म्हटलं लावून बघू. मागचा कागद सोलला आणि केबिनकडून चिकटवत आलो. पट्टी बरोबर फाळक्याच्या कडेला संपली. केसभर कमी नाही, जास्त नाही. दुसरीही तशीच.

मी आत जाऊन पाहिलं. वीट टेपेच्या जागेवर नव्हती. बाजूला, हौद्याच्या भिंतीला टेकवून नीट उभी केलेली होती.

मी काही खुळा माणूस नाही. पंधरा वर्षं वायरमनचं काम केलं, मग गाडी घेतली. जे दिसतं त्याला कारण असतं, ते सापडेपर्यंत मी मेन स्विच चालू करत नाही. टोक घुसवताना दहा सेंटिमीटर टेप भिंतीवर वळली असेल, आणि मीच कधीतरी वीट उचलून ठेवली असेन. असं मी स्वतःला समजावलं. समजावलं, पण चहा गार झाला तरी मी तिथेच विटेकडे बघत उभा होतो, आणि छातीत काहीतरी उड्या मारत होतं. भीती नव्हती. शाळा सुटायच्या घंटेआधी होतं तसं.

बुधवारी सकाळी मी माणूस शोधायला गेलो. एकाची पाठ धरलेली, दुसऱ्याने शनिवार म्हटल्यावर हात जोडले. शेजारच्या शेडमधल्या वेल्डरला विचारलं. तो काळा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "पहाटे चारला उठायचं? भाऊ, माझी बायको मला सातला पाणी मारून उठवते."

दुपारी वायर ओढायला घेतली. हौद्याच्या पुढच्या भिंतीत एक भोक पाडलं, कडेला रबरी कडी बसवली. त्यातून वायर घालायची, ती केबिनच्या मागे सीटखाली निघते. हे दोघांचं काम आहे. एकाने आतून ढकलायची, दुसऱ्याने तिकडे चिमट्याने पकडून ओढायची. एकटा माणूस नुसत्या फेऱ्या मारतो. मी हातभर वायर ढकलली, उतरलो, केबिनचं दार उघडलं.

वायर सीटखालून बाहेर आलेली होती. चांगली दोन हात. आणि पुन्हा आत घसरू नये म्हणून तिच्या टोकाला फास मारलेला होता.

मी फक्त हातभर ढकलली होती.

मी सीटवर बसलो. फास बोटाने चाचपला. बायको असाच मारायची, दोन वेढे आणि टोक आत. पण वायरवाले सगळेच असा मारतात, मीसुद्धा मारतो. मघाशी मीच मारून ठेवला असेल का? आठवून पाहिलं. नाही आठवलं. मग मी जे केलं ते सांगायला संकोच वाटतो. मी केबिनच्या मागच्या काचेतून काळोख्या हौद्यात पाहिलं आणि म्हणालो, "अगं, पुरे एवढी."

त्यानंतर काम इतकं भराभर झालं की विचारू नका. फ्यूज बसवला, बॉडीला अर्थिंग दिलं, वायरच्या सांध्यांना कथलाचे डाग दिले. मी आकडे ओरडत होतो, एकटाच हसत होतो. पट्ट्या पहिल्यांदा पेटवल्या तेव्हा हौदा दवाखान्यातल्या खोलीसारखा पांढराशुभ्र झाला. एक कोपरा अंधारात राहिला नाही. आत काहीच नव्हतं, वीट आणि मी सोडून. तरी मी किती वेळ बघत बसलो होतो.

शटर वर केलं तर बाहेर वेल्डर उभा. त्याचं काम बंद होतं.

"कोण आलंय आत?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. का?"

"आकडे कोणाला सांगताय?"

"सवय आहे. मोठ्याने म्हणतो."

"ते माहितीये हो, वहिनी होत्या तेव्हापासून ऐकतोय." तो कपाळ पुसत म्हणाला. "पण तुम्ही दोनदा म्हणता. एकदा बाहेरून. मग जरा थांबून टपाच्या आतून."

"फायबर घुमतं. प्रतिध्वनी असेल."

"असेल," तो म्हणाला. मग जाता जाता थांबला. "आवाज तुमचाच आहे म्हणा. पण प्रतिध्वनी वजाबाकी करतो का, भाऊ?"

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ठिणग्या उडायला लागल्या. त्यानंतर तो त्या आठवड्यात माझ्याशी बोलला नाही.

माझा आवाज, हे ऐकून दुसरा कोणी घाबरला असता. मी घरी जाईपर्यंत शीळ वाजवत होतो. कारण माझी बायको माझी नक्कल करायची. इतकी हुबेहूब, की मुलगी लहान असताना दुसऱ्या खोलीतून फसायची. "गाडीची किल्ली कुठाय गं?" असं ती माझ्या आवाजात म्हणायची, आणि मुलगी किल्ली घेऊन तिच्याकडे धावायची. मग दोघी पोट धरून हसायच्या. कोणाच्या लक्षात असतं हे? माझ्या होतं. दुसरं माणूस शोधायला मी उगीच दारोदार फिरत होतो.

गुरुवारी शेवटचं काम होतं, दाराचं बटण. फ्रिजच्या दारात असतं ना, तसं. टपाचं दार वर गेलं की दिवा लागतो, मिटलं की बटण दाबलं जातं आणि दिवा बंद होतो. त्यात एकच अडचण आहे. दार मिटल्यावर आत दिवा खरंच बंद झाला की नाही, हे बाहेरच्याला कळत नाही. टप काळा आहे, फटींना रबर आहे आणि केबिनकडची काच मी पानांना ऊन लागू नये म्हणून दुपारीच पुठ्ठ्याने झाकली होती. चालू राहिला तर सकाळी बॅटरी बसली म्हणून समजा. आत कोणीतरी बसून सांगावं लागतं.

मी दार खाली ओढलं. फाळक्यावर हात ठेवून उभा राहिलो.

"बंद झाला का?" मी विचारलं.

आतून टपावर दोन टकटक झाल्या.

मी दार उघडलं. लख्ख उजेड, रिकामा हौदा. दार लावलं. पुन्हा विचारलं. दोन टकटक. बटण मुद्दाम सैल केलं, म्हणजे दिवा चालूच राहावा, आणि विचारलं. एकच टक. म्हणजे नाही. पुन्हा घट्ट केलं, दोन. मी मोजून अकरा वेळा केलं आणि एकदाही उत्तर चुकलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मोठमोठ्याने हसत होतो.

तरी वायरमनचा स्वभाव जात नाही. मी मोबाइल व्हिडिओ रेकॉर्डिंगला लावून आत ठेवला, दार मिटलं, विचारलं, टकटक ऐकली, पाच मिनिटं थांबून दार उघडलं आणि बाहेर ऊन होतं तिथे जाऊन पाहिलं.

उजेड. दार मिटल्याचा आवाज. काळोख. बटण झकास चालत होतं. मग लांबून मी: "बंद झाला का?" मग दोन टकटक, अगदी फोनजवळ.

त्यापुढे चार मिनिटं काळोखच होता. पण आवाज होता. फोन कानाला लावल्यावर कळलं. माझा आवाज, अगदी खालच्या पट्टीत. "बंद झाला का. बंद झाला का." पहिल्यांदा जरा वाकडा, शेवटचा शब्द ओढलेला. मग सुधारत गेला. पंचविसाव्या-तिसाव्या वेळी इतका बरोबर आला, की मी फोनला "हो" म्हणालो.

सराव करत होती. मला चिडवायला. मला दुसरं काही सुचलंच नाही.

शुक्रवारी दुपारी मुलगी आली. जावयाचा भाऊ पाच वाजता गाडी न्यायला यायचा होता, तशी तयारी करूनच ती आली होती. मी घरात बसू दिलं नाही, तशीच शेडमध्ये नेली. शटर खाली ओढलं आणि टपाचं दार वर केलं.

"बाबा!" ती दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली. "किती सुंदर केलंत!" मग तिचे डोळे भरले. "आईला हवं होतं ना हे."

"हवं होतं. झालं."

नाक पुसून ती लगेच मुद्द्यावर आली, आईसारखीच. "ते झालं. माणूस कुठाय?"

"आधी आत बसून बघ. मी दार लावतो, विचारतो, तू नुसतं ऐक."

"मी? त्या पेटीत? मुळीच नाही, मला कोंडल्यासारखं होतं." तिने ओढणी कमरेला खोचली. "तुम्ही बसा. मी लावते. काय विचारायचं?"

मला हे सुचलंच नव्हतं. सव्वीस वर्षांत त्या हौद्यात दार मिटून मी कधी बसलो नव्हतो. आत नेहमी तीच. मी पोराच्या चपळाईने फाळक्यावर चढलो, अगदी आत केबिनच्या भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेतले. पट्ट्यांचा उजेड हातांवर पडला होता. नखातली काळी रेघ दिसत होती.

"विचारायचं, बंद झाला का," मी म्हणालो.

"सांभाळून हं," ती म्हणाली आणि दार खाली आलं.

दिवा बंद झाला.

असा काळोख मी पाहिला नव्हता. माती आणि रबराचा वास. माझा श्वास. आणि जरा वेळाने, माझ्या श्वासाच्या मधल्या जागेत, दुसरा.

मी हळूच म्हणालो, "तू आहेस ना?"

उजव्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. गुडघाच होता. माझ्यासारखाच पोटाशी घेतलेला.

बाहेरून मुलगी ओरडली, "बाबा, बंद झाला का?"

मी तोंड उघडलं.

"झाला गं. उघड," माझ्या शेजारून माझा आवाज म्हणाला.

दार वर गेलं. उजेड आला.

कोणीतरी माझ्या पुढ्यातून उठून फाळक्याकडे निघालं होतं. पाठमोरं. निळा शर्ट, डाव्या खांद्यावर ग्रीसचा डाग. मी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. तोच डाग.

मुलीने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि खाली उडी मारली.

"अगं!" मी म्हणालो.

तिने पाहिलं नाही.

मी फाळक्यापर्यंत सरकलो, पाय खाली सोडले आणि उतरलो. पाय टेकले ते हौद्याच्या पत्र्यावर. मी पुन्हा केबिनच्या भिंतीपाशी होतो. पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

बाहेर मुलगी विचारत होती, "आता सांगा. माणूस मिळालं?"

"मिळालं," माझा आवाज म्हणाला. "आजच."

"कोण? कसा आहे?"

"जुना ओळखीचा आहे. बोलत नाही फारसा. पण कामाला वाघ."

"खरंच? की मला गुंडाळताय?"

"नर्सरीवाल्या बाईंना विचार रविवारी."

ती हसली. मोकळं, आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं असं. "बाबा, काय उजळलाय चेहरा तुमचा!" मग तिने तिथेच दिराला फोन केला. गाडी देत नाही आहोत म्हणाली. बाबांना काम मिळालंय.

दार खाली आलं. मी दोनदा वाजवलं. सांगायला नको का कोणी, दिवा बंद झाला म्हणून?

शनिवारचं काम झकास झालं. मी आधी वाटेल ते ठरवलं होतं, ओरडायचं, लाथा मारायच्या. पण इमारतीच्या तळघरात दार उघडलं, उजेड पडला, समोर कुंड्यांची रांग, आणि माझे हात आपोआप चालायला लागले. एकेक कुंडी फाळक्यापर्यंत सरकवली. बाहेरच्या हातांनी ती उतरवून घेतली. पान फाटलं नाही, माती सांडली नाही. लिफ्टचं दार कोण धरत होतं, ते मला आतून दिसलं नाही. चौदाही ऑफिसं साडेआठच्या आत. घाम आला, धाप लागली, आणि काय सांगू, बरं वाटलं. परत जाताना पुढून माझीच शीळ ऐकू येत होती.

दुसऱ्या शनिवारी मुलगी सोबत आली. हौसेने, बाबांचं काम बघायला. त्या दुसऱ्या माणसाचं तिने विचारलं, तेव्हा तो परस्पर इमारतीवर येतो असं माझ्या आवाजाने सांगितलं. नर्सरीत ती स्वतः कुंड्या भरत होती. दार वर, दोन्ही पट्ट्या पेटलेल्या, आत एक कोपरा अंधारात नाही. शेवटी एक मोठं झाड राहिलं. ते कुठे बसवावं म्हणून ती वाकून आत बघायला लागली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हात वर केला.

"बाबा, इथे केबिनजवळ जागा आहे बघा, एकाची," ती मान मागे वळवून म्हणाली, आणि कुंडी माझ्याकडे सरकवली.

मी बाजूला सरकलो. पलीकडे भिंतीपर्यंत जागा नव्हती, मला माहीत होतं, मीच मापलं होतं. पण तिकडून कोणीतरी अंग चोरून मला सामावून घेतलं, आणि त्याच्या पलीकडे आणखी कोणीतरी.